टंचाईच्या भीतीने धान्य भरताना: किती, काय आणि कसं टिकवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंबिवलीत एका बेडरूमचं घर, चार माणसं, त्यात मधुमेह असलेल्या सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा. सोसायटीच्या ग्रुपवर ‘माल मिळणार नाही, भरून ठेवा’ असे निरोप फिरताहेत आणि शेजारच्यांनी 50 किलो तयार आटा आणि 25 किलो तांदूळ आणून टाकलाय. पावसाळा तोंडावर असताना आपणही सहा महिन्यांचं भरावं का, आणि भरलं तर कीड लागू नये म्हणून काय करावं?

किती भरायचं हे किती टिकवता येईल त्यावर ठरतं, म्हणून आधी उत्तर सांगते. चालू महिन्याचा किराणा सोडून आणखी एक महिना पुरेल एवढा साठा तुमच्या घराला पुरेसा आहे. फार तर सहा आठवडे. मुंबईच्या बाजूला जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत, बंद कोठी आणि गच्ची नसताना, सहा महिन्यांचं धान्य भरणं म्हणजे त्यातलं बरंचसं किड्यांना वाढून देणं. लातूर-सोलापूरकडे मोठं घर असेल, एप्रिलचं कडक ऊन मिळत असेल आणि पत्र्याच्या कोठ्या असतील, तर वर्षाचं धान्य भरणं आजही शहाणपणाचं आहे. ती घरं मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू आणि मालदांडी ज्वारी येते तेव्हा, पाऊस पडायच्या आत, वाळवून भरतात. जूनमध्ये घाबरून केलेली खरेदी आणि ही उन्हाळी भरणी यांत फार फरक आहे.

आता भीतीबद्दल, कारण काय भरायचं ते कशाची टंचाई होऊ शकते यावर ठरतं. देशात गहू-तांदूळ संपेल ही भीती मनातून काढून टाका. सरकारी साठ्याच्या नियमानुसार दर वर्षी 1 जुलैला गहू-तांदूळ मिळून 411 लाख टनांहून जास्त धान्य गोदामांत असावं लागतं. अडचण येते ती माल पोचण्यात. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा गोदामं भरलेली होती, पण ट्रकचालक आणि हमाल मिळेनात, बाजार समित्यांमधली आवक विस्कळीत झाली आणि दुकानांचे खण रिकामे दिसू लागले. अशी अडचण काही दिवसांची ते काही आठवड्यांची असते. एक महिन्याचा साठा तिला पुरून उरतो.

दुसरी गोष्ट भावाची. खाद्यतेल आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, त्यामुळे तिकडे काही घडलं की इथे लगेच चटका बसतो. युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल अडकलं आणि एप्रिल 2022 च्या अखेरीस इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, तेव्हा हे सगळ्यांनी अनुभवलं. तूरडाळीचंही थोडंफार तसंच आहे, पीक कमी आलं की आफ्रिका आणि म्यानमारकडे बघावं लागतं. म्हणून तेल आणि तूरडाळ महिन्याऐवजी दीड-दोन महिन्यांची ठेवली तर ते समजण्यासारखं आहे. मिठाची मात्र कधीच घाई करू नका. नोव्हेंबर 2016 मध्ये मीठ संपल्याची अफवा उठली तेव्हा उत्तरेकडे काही ठिकाणी लोकांनी किलोला 200 रुपये आणि त्याहूनही जास्त मोजले. चार माणसांच्या घराला महिन्याला जेमतेम सव्वा किलो मीठ लागतं, आणि समुद्र कुठे जाणार नाही.

परदेशात राहणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं आहे. 20 जुलै 2023 ला भारताने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तेव्हा अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत सोना मसुरीच्या पोत्यांसाठी झुंबड उडाली आणि दुकानदारांना माणशी एकच पोतं असे नियम लावावे लागले. तिथे टंचाई एका जातीच्या तांदळाची होती, भाताची नव्हती. दुसऱ्या देशांचा लांब दाण्याचा तांदूळ त्याच रस्त्यावरच्या दुकानात होता. तुमचे कोणी नातेवाईक तिकडे असतील तर त्यांना एवढंच सांगा की चवीसाठी हट्ट असेल तर एक पोतं जास्तीचं ठेवा, पोटासाठी घाबरू नका.

हिशेब कसा मांडायचा

भाजी, दूध, फळं काहीच मिळालं नाही, सगळं जेवण घरातल्या साठ्यावरच करायचं आहे असं धरून मांडा. एका मोठ्या माणसाला दिवसाला 350 ते 400 ग्रॅम धान्य, 60 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 30 ग्रॅम तेल, मूठभर शेंगदाणे आणि थोडा गूळ-साखर एवढ्यात साधारण 2000 कॅलरी होतात. लहान मूल आणि वयस्कर माणूस थोडं कमी खातात. तुमच्या चौघांचं महिन्याचं धान्य 36 ते 38 किलोच्या आसपास येतं, डाळी-कडधान्यं मिळून 7 किलो, तेल 4 लिटर, शेंगदाणे 3 किलो, गूळ आणि साखर मिळून 3 किलो.

धान्याची वाटणी तुमच्या ताटाप्रमाणे करा. 16 किलो गहू, 12 किलो तांदूळ, 8 किलो ज्वारी, 2 किलो रवा आणि पोहे ही एक साधी विभागणी. सासूबाईंच्या डॉक्टरांनी भाकरी सांगितली असेल तर तांदूळ कमी करून ज्वारी वाढवा. घरात जे एरवी खाल्लं जात नाही ते साठ्यातही नको. स्वस्त मिळाले म्हणून आणलेले 5 किलो राजमा चौघांपैकी कोणी खात नसेल, तर तीन महिन्यांनी त्यात भुंगेरेच निघतात.

हे सगळं एका दिवसात आणू नका. दर वेळच्या किराण्यात नेहमीच्या दीडपट घ्या, दोन महिन्यांत साठा तयार होतो. खिशाला झेपतं, आणि रोज संध्याकाळी हातात पैसे आल्यावर दोन किलो तांदूळ घ्यायला जाणाऱ्या माणसाला दुकान रिकामं दिसत नाही. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो, कारण टंचाईची पहिली झळ नेहमी त्याच घरांना बसते आणि ती बऱ्याचदा आपल्यासारख्यांच्या एका दुपारच्या खरेदीने बसते.

पीठ नको, दाणा ठेवा

आटा भरून ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती सगळीकडे होते. दाण्याचं साल शाबूत असतं तोवर आतला अंकुर आणि त्यातलं तेल सुरक्षित असतं. दळलं की ते हवेला उघडं पडतं. चक्कीवर दळलेलं गव्हाचं पीठ पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांपलीकडे चवीला उतरतं आणि त्यात जाळी धरते. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडेने चिरते, तव्यावर टाकताना तुटते. बाजरीचं तर आठवड्याभरातच कडू लागतं, कारण तिच्यात तेल जास्त. म्हणून पीठ एका वेळी आठवडा-दहा दिवसांचंच दळून आणा. वीज गेली की चक्की बंद, हे खरं. त्यासाठी 4-5 किलो पीठ कायम घरात असू द्या, पण ते फिरतं राहू द्या.

तांदूळ जुना घ्या. नवा तांदूळ ओलसर असतो, भात गिचका होतो आणि कीडही लवकर लागते. हातसडीचा तांदूळ पौष्टिक खरा, पण कोंड्यातल्या तेलामुळे काही महिन्यांत खवट होतो, त्यामुळे तो महिन्यापुरताच. डाळींमध्ये तूर, मूग, मसूर या फोडलेल्या डाळी अख्ख्या कडधान्यांपेक्षा बऱ्या टिकतात. चवळी, मूग, हरभरा यांच्या अख्ख्या दाण्यावर भुंगेरा अंडी चिकटवतो. दाण्यावर पांढरे बारीक ठिपके दिसतात ती हीच अंडी. अळी आत शिरते, डाळ पोखरते आणि शेवटी गोल भोक पाडून किडा बाहेर येतो. दुकानात कडधान्य हातावर घेऊन हे ठिपके आणि भोकं बघूनच घ्या.

ओल हीच खरी शत्रू

गहू-ज्वारीत 12 टक्क्यांपेक्षा कमी आणि डाळीत 10 टक्क्यांच्या आसपास ओलावा असेल तर बंद डब्यात धान्य छान राहतं. घरी मोजायला यंत्र नसतं. दाताखाली दाणा ‘कट्ट’ करून तुटला पाहिजे, दबला तर ओला, ही जुनी परीक्षा आजही चालते. दुसरी मिठाची: पूर्ण कोरडी काचेची बाटली घ्या, त्यात मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडं मीठ टाकून दोन मिनिटं हलवा, दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांहून जास्त आहे, ते धान्य भरू नका. नाही चिकटलं तरी दाताची परीक्षा करा, कारण 13-14 टक्के ओलावा या बाटलीत कळत नाही.

ऊन मिळालं तर गहू, ज्वारी आणि डाळी चादरीवर दोन बोटं जाडीचा थर करून दोन-तीन दिवस सकाळी दहा ते चार वाळवा, मधूनमधून हात फिरवा. तांदूळ उन्हात घालू नका, तडकतो आणि शिजवताना कणी होते. तो सावलीत, पंख्याखाली पसरा. वाळलेलं धान्य गरम असताना डब्यात भरलं की रात्री डबा थंड होतो, झाकणाच्या आत पाणी सुटतं आणि वरच्या थराला बुरशी येते. वाळवलेलं धान्य रात्रभर घरात पसरून पूर्ण थंड होऊ द्या, मगच भरा. वाळवण चांगली करूनही धान्य बिघडलं म्हणणाऱ्या बहुतेकांचं नेमकं इथे चुकलेलं असतं.

डब्यांसाठी वेगळा खर्च नको. 15 किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा उत्तम. त्यात गहू 12-13 किलो मावतो, म्हणजे तुमचं महिन्याचं धान्य अशा तीन डब्यांत बसतं आणि पलंगाखाली मावतं. डबा धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने दोनदा धुवा, उन्हात खडखडीत वाळवा. आत तेलाचा ओशट हात राहिला तर तो खवट होऊन धान्याला वास लागतो. धान्य काठोकाठ भरा, कारण वर जितकी हवा कमी तितकी किड्यांची घुसमट जास्त. तोंडावर जाड प्लास्टिकचा तुकडा ठेवून झाकण दाबा आणि कडेने चिकटपट्टी फिरवा. डाळींना पाणी-सरबताच्या दोन लिटरच्या कोरड्या बाटल्या फार सोयीच्या. एका मोठ्या डब्यापेक्षा चार लहान बरे: एकात कीड झाली तर तीन वाचतात, आणि रोज सगळ्या धान्याला दमट हवा लागत नाही. पोतं ठेवणारच असाल तर लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब.

कीड आणि तिच्यावरचे उपाय

आपण ज्याला टोका म्हणतो त्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवते. म्हणून निवडून-चाळून आणलेलं धान्यही बाहेरून स्वच्छ दिसतं आणि महिन्याभराने त्यातून किडे चालू लागतात. उष्ण दमट हवेत एवढ्याच काळात पुढची पिढी तयार होते, आणि एक मादी 300 च्या आसपास अंडी घालू शकते. सहा महिन्यांत काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा. महिन्या-दीड महिन्यात साठा संपवून नवा भरण्याचा माझा आग्रह याच कारणाने आहे.

रवा, मैदा, बेसन यांसाठी घरातला फ्रीझर हे सगळ्यात खात्रीचं साधन. एकेक किलोच्या हवाबंद पिशव्या करून चार-पाच दिवस ठेवा, अंड्यांसकट सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आतलं पीठ खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतलं पाणी थेट त्यावर बसतं. रवा मंद आचेवर कोरडा भाजून ठेवला तरी चालतो.

तूरडाळ आणि कडधान्यांना एरंडेल लावायचं तर किलोला एक लहान चमचा, म्हणजे 5 मिली पुरे. दोन्ही तळहातांना तेल लावून डाळ चोळा, प्रत्येक दाण्यावर पुसट चमक आली की झालं. या थराखाली अंडी गुदमरतात. शिजवण्याआधी डाळ कोमट पाण्याने धुवा. कडुनिंबाचा पाला सावलीत अगदी कुरकुरीत वाळवलेला असेल तर थोडी मदत करतो. ओला टाकला तर तोच ओल घेऊन येतो. भरवसा मात्र कोरडेपणा आणि बंद डबा यांवरच.

तीन गोष्टी घरात अजिबात नकोत. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्या गोदामात वापरतात आणि धान्याच्या दुकानात कोणी ‘एक टाका, वर्षभर कीड नाही’ म्हणून देतं. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव जातो आणि त्यावर उतारा नाही. एका बेडरूमच्या घरात, मुलाच्या पलंगाखालच्या डब्यात ती गोळी, ही कल्पनाही करू नका. दुसरी, पाऱ्याच्या गोळ्या. पारा शरीरात साठतो. तिसरी, तांदळाला लावायची बोरिक पावडर. ती अन्नात घालायला परवानगीच नाही. कोणी लावून दिलेला तांदूळ घरात आला असेल तर तीन-चार पाण्यांनी धुऊन, भरपूर पाण्यात शिजवून, वेळून घ्या आणि पुढच्या वेळी तसा घेऊ नका.

धान्याखेरीज

कांद्याबद्दल: उन्हाळी कांदा, ज्याची मान बारीक आणि सुकलेली असते, हवेशीर जागी तीन-चार महिने राहतो. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा तीन-चार आठवड्यांतच मऊ पडतो किंवा मोड काढतो. बटाट्याच्या टोपलीत कांदा नको, फ्रीजमध्येही नको. जाळीच्या पिशवीत खिडकीजवळ टांगा. 5 किलो पुष्कळ झाले.

शेंगदाणे सोलून ठेवलेले लवकर खवट होतात. हलके भाजून, गार करून बरणीत ठेवा, निम्मे फ्रीजमध्ये. काळसर, सुरकुतलेला, हिरवट बुरशी असलेला दाणा वेगळा काढून फेका. तेल लिटर-लिटरच्या बंद पिशव्यांत घ्या, पाच लिटरचा कॅन फोडून महिनाभर उघडा ठेवण्यापेक्षा ते बरं. अंधाऱ्या कपाटात, शेगडीपासून लांब. गूळ पावसाळ्यात पाझरतो, म्हणून तो कमी आणि हवाबंद. दुधाची भुकटी एक किलो ठेवलीत तर साधारण 8 लिटर दूध होतं, उघडल्यावर महिन्यात संपवा.

भाजी न मिळाल्यास मोड आलेले मूग-मटकी रोजच्या जेवणात आणा, त्यातून ‘क’ जीवनसत्त्वही मिळतं. कोकम, चिंच, लिंबाचं लोणचं, सांडगे, मेतकूट घरात असतील तर रोज तेच वरण-भात खाऊन मुलाचं तोंड बेचव होत नाही.

वीज आणि गॅस दोन्ही बंद पडले तर? त्यासाठी तीन दिवसांचं न शिजवता खाण्यासारखं वेगळं काढा: पोहे, कुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, सातूचं पीठ, टेट्रापॅकमधलं दूध. सासूबाईंसाठी गूळ-कुरमुरे नकोत, फुटाणे आणि दाणे जास्त ठेवा. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी 5 लिटर धरून चौघांना तीन दिवसांचं 60 लिटर पाणी लागतं. ते झाकणाच्या कॅनमध्ये ठेवून आठवड्याला बदला. 14.2 किलोचा भरलेला सिलिंडर तुमच्या घराला महिना-दीड महिना जातो, म्हणून दुसरा सिलिंडर भरलेला असणं धान्याइतकंच गरजेचं. डाळ अर्धा तास भिजवून कुकरला लावली तर गॅस बराच वाचतो. आणि सासूबाईंच्या औषधांचा एक महिन्याचा जादा साठा या सगळ्याच्या आधी करा. गोळ्यांऐवजी इन्सुलिन असेल तर ते फ्रीजमध्ये किती दिवस राहतं आणि वीज गेल्यावर काय करायचं ते औषधवाल्याला विचारून ठेवा.

प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख लिहा. जुना डबा पुढे, नवा मागे, आणि जुन्यात नवं धान्य कधीही ओतू नका, जुन्यातली कीड आयती पसरते. पंधरा दिवसांतून एकदा डबा उघडून हात मनगटापर्यंत खुपसा: आत उबदार किंवा दमट लागलं तर कीड किंवा ओल सुरू झाली आहे. थोडे टोके दिसले तर चाळून, उन्हात पसरून धान्य वाचतं, किडे स्वतःच बाहेर चालत जातात. पण दाण्याच्या आतल्या अळ्या उरतात, म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा तेच करा आणि ते धान्य आधी संपवा. पोखरलेली कडधान्यं पाण्यात टाकली की पोकळ दाणे वर येतात, तेवढे काढून टाका. कुबट वास येत असेल, गठ्ठे झाले असतील किंवा हिरवी-काळी बुरशी दिसत असेल तर मात्र तो सगळा डबा फेकून द्या. बुरशीचं विष धुऊन जात नाही आणि भाजून किंवा शिजवूनही पुरतं नष्ट होत नाही. ते गाईला किंवा पक्ष्यांनाही घालू नका.